सी भाषेचा 'नॅन' आणि 'इन्फ' छापायचा नियम: पाचपैकी साडेतीन तारे

पंपांच्या टेस्टिंगचं सॉफ्टवेअर मी लिहिते. पाण्याला मिळालेली पॉवर भागिले मोटरने ओढलेली पॉवर, ही एफिशियन्सी. मोटर बंद केली की मीटर लगेच शून्यावर येतो, पाणी मात्र क्षणभर वाहतच असतं. लॉगच्या त्या ओळीत उत्तर येतं अनंत. पुढच्या ओळीत पाणीही थांबलेलं, म्हणजे शून्य भागिले शून्य: 'नॅन' ('नॉट अ नंबर', आकडाच नाही).

आमचा जुना कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन) दोन दशांशांत हे अनंत '१.#जे' असं छापायचा. मुळात ते '१.#आयएनएफ' (आयएनएफ म्हणजे इन्फिनिटी, अनंत), दोनच घरं ठेवताना त्याने 'आय' हे अक्षर आकड्यासारखं राउंड करून 'जे' केलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण फाइल परत वाचताना फंक्शन '#'पाशी थांबायचं आणि हातात यायचा १. रिपोर्टमध्ये एफिशियन्सी १०० टक्के! असा पंप जगात नाही. चूक सापडेपर्यंत रिपोर्ट ग्राहकाकडे पोचला होता. तो फोन मी विसरलेले नाही.

म्हणून १९९९ च्या सी मानकातला (सी भाषेच्या अधिकृत नियमावलीतला) नियम मला मनापासून आवडतो. १९८९ च्या मानकात यावर अक्षर नव्हतं. नव्याने ठरवलं: अनंत असेल तर 'इन्फ' किंवा 'इन्फिनिटी', आकडाच नसेल तर 'नॅन'. शिवाय 'स्ट्र-टू-डी' हे मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन ही सगळी रूपं परत वाचतं, अक्षरं लहान असोत की मोठी. छापलेलं परत नीट वाचता येणं, माझ्या कामात याहून मोलाचं काही नाही.

दीड तारा कापला तो मोकळ्या सोडलेल्या जागांसाठी. 'इन्फ' की 'इन्फिनिटी', हे कंपायलरवर सोडलंय. चिन्हाचा त्रास त्याहून जास्त: एक्स८६ प्रोसेसरच्या लिनक्सवर तेच शून्य भागिले शून्य '-नॅन' छापतं, आर्म या दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरच्या बोर्डवर नुसतं 'नॅन'. दोन्ही नियमात बसतात, आणि आमची फाइल-तुलना दर वेळी फेल. जावा या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत 'नॅन'ला चिन्हच छापत नाहीत, स्पेलिंगही एकच. सीमध्येही हेच हवं होतं. (जेसन या डेटा पाठवायच्या फॉरमॅटमध्ये यांना जागाच नाही, तिथे मी नल, म्हणजे 'किंमत नाही', पाठवते.)

आता छापण्याआधी 'इझ-नॅन'ने (किंमत 'नॅन' आहे का ते सांगणाऱ्या फंक्शनने) तपासून मी तो शब्द स्वतःच लिहिते. नवा कंपायलर आला की पहिला प्रोग्राम ठरलेला: एक भागिले शून्य, दोन दशांश, आणि छापलेलं परत वाचून बघायचं.