सोप बेस एकदम भारी, पोटलीने मात्र रडवलं

यंदा गौरीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरीच साबण करायचे असं डोक्यात घेतलं, स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे देऊन देऊन कंटाळा आला होता. डोंबिवलीहून मस्जिदला उतरले आणि चालत चालत प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, तिथल्या एका दुकानातून सगळं सामान घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे.

घेतलं काय तर मेल्ट अँड पोर बेस ४ किलो (२ किलो गोट मिल्क, २ किलो ट्रान्सपरंट), २४० रुपये किलोने. कमळाच्या आकाराचे ६ खणांचे सिलिकॉन मोल्ड दोन, २२० ला एक. मोगऱ्याचं फ्रेग्रन्स ऑइल १०० मिली १८० ला, मायका पावडरच्या (साबणाला चमकदार रंग देणारी पूड) दोन डब्या १२० ला. आणि जाळीच्या पोटल्या ४०, ९ रुपयाला एक, हिच्याबद्दल नंतर बोलते.

बेसला माझ्याकडून साडेचार स्टार. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, यात तेलाचा साबण करायला लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याची भानगड नसते, ते काम बेस बनवणाऱ्याने आधीच केलेलं असतं, आपण फक्त वितळवून ओतायचं. कोल्ड प्रोसेसवाला, म्हणजे तेल आणि कॉस्टिकपासून घरी केलेला साबण ४ ते ६ आठवडे मुरवायला लागतो, हा सकाळी ओतला की दुपारी तयार. पनीरसारखे तुकडे करायचे, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यावर भांड्यात वितळवायचे, बेसला स्वतःला उकळी येऊ द्यायची नाही. मी पहिल्या घाण्याला फोनवर बोलत बसले आणि तो उकळला, नंतर साबण चिवट झाले आणि वासही गेला, ती चूक माझी, बेसची नाही. ओतल्यावर वर जो फेस येतो त्यावर सर्जिकल स्पिरिटचा एक फवारा मारला की बुडबुडे जातात. खाली गुलाबी आणि वर पांढरा थर हवा असेल तर दोन थरांच्या मध्येही स्पिरिट मारायचंच, नाहीतर वापरताना थर सुटून हातात दोन साबण येतात!

मोल्ड ठीक. कमळाच्या पाकळ्यांची टोकं फार बारीक आहेत, घाईने काढले की तुटतात, माझे पाच गेले. चार तास थांबलात तर अख्खं कमळ सुटून येतं, आणि ते बघताना जे वाटतं ना, त्यासाठी २२० जास्त नाहीत. घाई झाली म्हणून फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आणि गुलाबाच्या सुकवलेल्या पाकळ्या आत घालायचा मोह टाळा, दोन-चार दिवसांत चहाच्या चोथ्यासारख्या तपकिरी होतात.

आता पोटली. दुकानातल्या भैयाला मी स्पष्ट विचारलं की नुसते पोटलीत ठेवले तर चालतील ना, तर म्हणाला "मॅडम सब लोग यही ले जाते हैं". हो नेत असतील, पण मे महिन्यात नेत असतील! मी ४० साबण पोटलीत भरून, सॅटिनची रिबन बांधून, टोपलीत छान रचून झोपले आणि सकाळी आई (सासूबाई) हाका मारतायत, "अगं हे साबण रडतायत काय गं?" बघते तर प्रत्येक कमळावर दवाचे थेंब, पोटल्या ओल्या, रिबिनीचा लाल रंग पांढऱ्या साबणावर उतरलेला. झालं असं की या बेसमध्ये ग्लिसरीन भरपूर असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं, भाद्रपदातली डोंबिवलीची हवा म्हणजे त्याला मेजवानीच. जाळीतून हवा जाते म्हणजे ओलावा पण जाणारच की, हे माल विकणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. फोन केला तर म्हणे वापरलेला माल परत घेत नाही.

मग सगळे टिपून कोरडे केले, लाल डाग चाकूने खरवडले, स्टेशनजवळून श्रिंक बॅगा आणल्या (१०० चं पाकीट १५० ला) आणि हेअर ड्रायरने एकेक साबण आवळून बंद केला. हे करताना ड्रायर लांबून आणि फिरता ठेवा, एका जागी धरलात की साबणाचं टोक वितळतं. वर साधे कागदी बॉक्स, ६ रुपयेवाले. यानंतर एक थेंब नाही, तीन आठवडे झाले, उरलेले दोन अजून तसेच आहेत.

हिशोब पोटल्या धरून २४५० झाला, म्हणजे साबण ६१ ला पडला. पोटल्या घेतल्या नसत्या तर ५२ ला. बायकांना आवडले, दोघीतिघींनी तर खायची बर्फी समजून वास घेतला.

संक्रांतीला परत त्याच दुकानातून तोच बेस आणणार आहे, बेसमध्ये खोट नाही. पोटल्यांमध्ये सध्या लसूण ठेवलाय, हवा छान खेळते.