परळचं चिकनचं दुकान, जिथे कोंबडीच्या औषधाची नोंद वहीत असते

परळला भोईवाड्याच्या बाजूला आतल्या गल्लीत चाचांचं दुकान आहे, बोर्ड वगैरे काही नाही, निळं शटर आणि बाहेर अंड्यांचे ट्रे एवढीच खूण. गेली तीन वर्षं चिकन आणि अंडी मी फक्त इथूनच घेते आणि ओळखीच्यांना पण इथेच पाठवते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

आधी साधं सांगते. माल ताजा, वजन चोख, सांगू तसे पीस करून देतात, खिम्याला वेगळे पैसे घेत नाहीत. रेट बाहेरच्यापेक्षा किलोमागे 20-30 रुपये जास्तच आहे. जिवंत कोंबड्या मागे पार्टिशनच्या आत असतात, कापणारा मुलगा पैशाला हात लावत नाही, गल्ल्यावर चाचा स्वतः बसतात. ठोकळा दर थोड्या वेळाने उकळतं पाणी ओतून घासतात. पिसं आणि आतडी झाकणाच्या ड्रममध्ये जातात, गल्लीतल्या कुत्र्यांपुढे टाकत नाहीत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण जिथे असं टाकतात तिथे कुत्र्यांची टोळी जमते, एकमेकांवर धावतात, मग कुणाचं तरी शाळेत जाणारं पोर चावून घेतं आणि आईबाप रेबीजच्या इंजेक्शनच्या रांगेत.

पण हे दुकान मी धरून ठेवलंय ते वहीमुळे.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, मराठीच बोलतात. त्यांच्याकडे एक लांबडी हिशोबाची वही आहे, कुठल्या फार्मवरून किती पक्षी आले, आणि शेजारच्या रकान्यात शेवटचं औषध कधी आणि कुठलं दिलं. फार्मवाल्याला फोन करून विचारतात आणि लिहितात. प्रत्येक औषध दिल्यावर किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं, तेवढे दिवस झाल्याशिवाय पक्षी कापायचा नाही असा नियम आहे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि म्हणाले, "बाय, दिवस भरले नसले तर मी गाडी परत पाठवतो. एकदा दोनदा पाठवलीये, तो फार्मवाला आता माझ्याशी बोलत नाय."

मी हे विचारायला का लागले ते सांगते. माझ्या वडिलांना लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, आधी साधं वाटलं, गोळ्या दिल्या, ताप जाईना. कल्चरचा, म्हणजे कुठल्या जंतूवर कुठलं औषध चालतं त्या तपासणीचा, रिपोर्ट आला त्यात औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक नुसतं आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट, म्हणजे ते औषध या जंतूला लागू पडत नाही. शेवटी कोलिस्टिन द्यावं लागलं. ते जुनं औषध आहे, किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टर अगदी शेवटी काढतात. बाबा वाचले पण क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते दाखवणारा रक्तातला आकडा, वाढलं आणि पुढचे कित्येक महिने आम्ही मीठ आणि पाणी मोजत होतो. तेव्हा मला कळलं की हेच कोलिस्टिन कोंबड्यांना खाद्यातून देत होते, आजारी नसताना, नुसतं वजन लवकर वाढावं म्हणून. माझे बाबा ज्या औषधावर जगले ते औषध पोत्यात मिसळून देत होते.

चाचांची मुलगी परळच्याच व्हेटर्नरी कॉलेजला आहे, वहीची आयडिया तिचीच. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात असते आणि विचारलं की इतकं छान समजावते. 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांच्या पोटातल्या जंतूंत एक जीन (जनुक) सापडलं, एमसीआर-1, ज्याच्यामुळे कोलिस्टिन निकामी होतं, आणि हे जीन एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जातं. थोड्याच महिन्यांत ते जगात ठिकठिकाणी सापडायला लागलं. 2017 ला चीनने वाढीसाठी कोलिस्टिन देणं बंद केलं, आपल्याकडे जुलै 2019 ला जनावरं आणि कोंबड्यांसाठी पूर्ण बंदी आली. मी तिला म्हटलं, मग दिवस पाळले की झालं ना? तर म्हणाली, "नाही ताई, दिवस पाळले की मांसात औषध राहत नाही एवढंच. पण औषधाला न जुमानणारे जंतू फार्मवर तयार होतात ते होतातच, ते कोंबडीखतातून शेतात जातात, पाण्यात जातात. म्हणून मुळात औषध गरजेपुरतंच दिलं पाहिजे." त्यामुळे जे फार्म विनाकारण खाद्यात औषध मिसळतात त्यांच्याकडून चाचा मालच घेत नाहीत. रेट का जास्त ते इथे कळतं आणि ते 20-30 रुपये मला अजिबात जड जात नाहीत.

फार्मवाल्यांनाच शिव्या घालायच्या असंही नाही. माझ्या मामाची नवापूरला पोल्ट्री होती. फेब्रुवारी 2006 ला देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला, भोपाळच्या लॅबने नक्की केलं आणि मग आजूबाजूच्या सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या, आजारी असो नसो. मामा त्यानंतर पोल्ट्रीत परत गेला नाही. इथे मुंबईत लोकांनी चिकन, अंडी सगळं सोडलं, खरं तर 70 डिग्रीवर नीट शिजवलं की तो व्हायरस मरतो. 2020 ला कोरोनाच्या अफवेने परत तेच, शेतकरी अक्षरशः फुकट कोंबड्या वाटत होते. म्हणून एखाद्या फार्मवाल्याने आजार दिसल्या दिसल्या कळवायचं ठरवलं तर त्याला भरपाई वेळेत मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, नाहीतर तो लपवणार आणि ते सगळ्यांनाच भोवणार.

चाचांची मुलगी सांगते की जनावरांच्या आरोग्याची जी जागतिक संघटना पॅरिसला आहे ती 1924 ला निघाली ती बुळकांडी या गुरांच्या रोगामुळे. 1920 ला आपल्याकडून ब्राझीलला निघालेली गुरं बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरवली होती, त्यांच्यातून तिथे रोग पसरला आणि युरोप हादरला. मग देश एकमेकांना रोगाची खबर द्यायला लागले, लस आली, गावोगाव टोचली, आणि 2011 ला बुळकांडी जगातून संपली. माझी आजी बुळकांडी हा शब्द शिवी म्हणून वापरायची, मला तो रोग आहे हेच माहीत नव्हतं. आता ती संघटना, डब्ल्यूएचओ, शेती आणि अन्नवाली एफएओ, आणि 2022 पासून पर्यावरणवाली युनेप अशा चौघी मिळून एकत्र काम करतात, माणूस, जनावर आणि पाणी-माती वेगळं धरायचं नाही म्हणून. चाचांच्या भिंतीवर डब्ल्यूएचओच्या पाच सूचना मुलीने मराठीत लिहून लावल्यात, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा वगैरे. त्यातलं वाचून मी चिकन नळाखाली धुवायचं बंद केलं, शिंतोडे सगळ्या ओट्यावर जातात.

आता तक्रार, आणि हिच्यासाठी मी एक स्टार कापतेय. पहाटे टेम्पो येतो त्याचे क्रेट गल्लीतच पाइपने धुतात आणि ते पाणी सरळ उघड्या गटारात. तिथे उंदीर झालेत, मी स्वतः पाहिलेत. पावसात गटार भरलं की आपण त्याच पाण्यातून चालतो, पायाला जखम असली तर लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती. हाफकिनची लॅब इथून चालत जाण्यासारखी आहे, 1896 च्या प्लेगमध्ये मांडवीच्या गोदामांत आधी उंदीर पटापट मेले आणि मग माणसं, त्याच साथीसाठी ती लॅब उभी राहिली. एवढा जपून धंदा करणाऱ्या माणसाने हे एवढं सोडू नये. मी चाचांना दोनदा बोललेय, मुलगी पण त्यांच्या मागे लागलीये, जाळी आणि वेगळा पाइप बसवणार म्हणालेत पावसाळ्याच्या आधी.

5 पैकी 4. पाइप बसला की पाचवा स्टार देते, इथेच अपडेट करीन. सोमवारी बंद. रविवारी 8 च्या आत जा, नंतर रांग मेन रोडपर्यंत येते, आणि गटारीला तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पिशवी देत नाहीत, स्टीलचा डबा घरून न्या, झाकण घट्ट बसणारा.