श्रावणातलं लग्न

आमच्या देव्हाऱ्यात चांदीचा एक टाक आहे, पणजोबांच्या पहिल्या बायकोचा. अविधवा नवमीला तिच्या नावाने सवाष्ण जेवू घालतात. ‘नावाने’ आपलं म्हणायचं. नाव कुणालाच ठाऊक नाही. सगळे ‘थोरली’ म्हणतात. ते नाव शोधायच्या नादात माझे साडेनऊ हजार गेले.

2023 मध्ये कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. खरे जाणकार आहेतच, पण त्यांच्या आडून असलेही सुटले. मला ओळखीतूनच नंबर मिळाला. माणूस बोलायला गोड. ‘दादा, त्र्यंबकच्या गुरुजींकडच्या यात्रेकरूंच्या वह्या, तहसीलची रेकॉर्ड रूम, सगळीकडे आपली माणसं आहेत.’ आधी 3,500 घेतले. मग तासभर फोनवर गाव, आडनाव, पणजोबांच्या भावांची नावं, एकेक काढून घेतलं. थोरलीचं माहेर विंचूरकडचं असावं, हा आत्याचा अंदाजही मी आपणहून सांगून टाकला. तिथेच घात झाला. मी जे दिलं तेच त्याने मोडीत घोळवून मला विकलं.

आठ दिवसांनी ‘सापडलं!’ म्हणून फोन. आणखी 6,000 पाठवल्यावर फोटो आला. पिवळट कागद, ‘विवाह नोंद’, शके 1825, श्रावण वद्य पंचमी. वधूपिता अर्थातच विंचूरचा.

त्याने दिलेलं लिप्यंतर मी हरखून आत्याला वाचून दाखवलं. ती गवार निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘श्रावणात लग्न कुणी लावलं रे?’

चातुर्मास माझ्या डोक्यातही आला नव्हता.

मग तो फोटो मोडी शिकवणाऱ्या एका बाईंना दाखवला. जुन्या मोडीत आधी सबंध ओळीची रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरं लिहीत जात; दोन शब्दांत जागा सोडत नसत. इथे शब्दागणिक रेघ तुटलेली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, इथे शाळेच्या पुस्तकासारखं चोख. आणि सगळे ‘स’ एकाच साच्यातले. बोरूने लिहिताना दोन ‘स’ तंतोतंत सारखे येत नाहीत. हा कॉम्प्युटरचा फॉन्ट. मुळात 1903 साली खेड्यातलं हिंदू लग्न सरकारदरबारी नोंदवायची रीतच नव्हती. जन्म-मृत्यूच्या नोंदी होत, त्या तहसीलला अर्ज करून आपल्यालाही काढता येतात. हे मला पैसे गेल्यावर कळलं.

त्याचा फोन तेव्हापासून बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे आलेले नाहीत.

शेवटी स्वतःच त्र्यंबकेश्वरला गेलो. गाव आणि आडनाव एवढंच सांगितलं आणि तोंड मिटून बसलो. गुरुजींनी दोन वह्या चाळल्या, तिसरीत बोट ठेवलं. शके 1828, खाली पणजोबांची सही. पणजी लग्न होऊन आली ती त्यानंतर सहा वर्षांनी; म्हणजे या खेपेला सोबत होती ती थोरलीच.

वहीत लिहिलंय, ‘कुटुंबासह’. नाव नाही.