हाँगकाँगमध्ये स्थायिक होताना: भारतीय पासपोर्ट राखावा की चिनी नागरिकत्व घ्यावे?

१ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनकडे गेले, तेव्हा तेथील सर्व भारतीयांपुढचा प्रश्न एकच नव्हता. ज्यांच्याकडे बीएनओसारखा (ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज) दुय्यम ब्रिटिश दर्जा तेवढा होता आणि एरवी जे कोणत्याच देशाचे उरले नसते, त्यांच्यापैकी ४ फेब्रुवारी १९९७ रोजी हाँगकाँगचे रहिवासी असलेल्यांना ब्रिटनने, फार उशिरा, पूर्ण नागरिकत्वाची वाट खुली केली. आम्ही भारतीय पासपोर्टवर आलेली माणसे त्या कायद्यात बसत नव्हतो. आमच्यापुढे जे दोन मार्ग होते, तेच आज हाँगकाँगमधील वास्तव्याची सात वर्षे पूर्ण करणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे आहेत.

भारतीय पासपोर्ट ठेवूनही बेसिक लॉच्या, म्हणजे हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याच्या, २४व्या कलमानुसार कायम वास्तव्याचा हक्क मिळतो आणि नोकरी, शाळा, मतदान यांत काही अडत नाही. सलग ३६ महिने बाहेर राहिल्यास तो हक्क जातो. तरी परत येऊन राहण्याची व काम करण्याची मुभा उरते, म्हणून ती अट मला फारशी जाचक वाटली नाही.

मला खटकली ती एकविसाव्या वर्षाची अट. आपण चिनी नागरिक नसलो, तर हाँगकाँगमध्येच जन्मलेल्या आपल्या मुलांना आपल्यामुळे मिळालेला हक्क २१ वर्षे पूर्ण होताच संपतो आणि त्यांना तो स्वतःच्या नावावर नव्याने सिद्ध करावा लागतो. थोरल्या मुलीच्या वेळी शाळेचे दाखले, जुने पासपोर्ट, भाडेकरार असे सारे गोळा केले. पुण्यात शिकत असतानाची तिची गैरहजेरी तात्पुरती होती, हेही लेखी मांडावे लागले. हक्क मिळाला, परंतु जिथे जन्मली, जिथली कँटोनीज ती आमच्याहून सफाईने बोलते, तिथेच राहण्याचा आपला इरादा आहे असे तिने लिहून द्यावे, हे मला फार लागले. तिच्या चिनी वर्गमैत्रिणींना हे कधीच करावे लागले नाही.

धाकट्यासाठी आणि माझ्यासाठी मी चिनी नागरिकत्वाचा अर्ज केला. याची किंमत लहान नाही. दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, भारतातील मतदानाचा हक्क जातो आणि आईला भेटायला जाण्यासाठीही व्हिसा काढावा लागतो. रद्द केल्याचा शिक्का मारलेला पासपोर्ट हातात घेताना मला भरून आले होते. शिवाय अर्ज मंजूर होईलच, अशी खात्री कोणी देत नाही.

चार-पाच वर्षांत परतायचे ठरले असेल, तर भारतीय पासपोर्ट सोडू नये, असे मला वाटते. मुले मात्र इथेच वाढणार असतील, तर माझा कौल, माझ्या अनुभवापुरता, चिनी नागरिकत्वाकडे झुकतो. आणि मूल अठरा वर्षांचे होण्याआधी पालकांनी त्याच्या वतीने अर्ज करावा, हे बरे.