देशी पिल्लू की लॅब-मिश्र?

मुंबईच्या दोन खोल्यांत कुत्रा आणायचा तर प्रश्न बहुतेक हाच असतो. मी दोन्ही सांभाळली आहेत.

लॅब्राडॉरचा अंश असलेलं पिल्लू सहसा सगळ्यांचं होतं. पाहुणा आला की शेपटी, मुलांशी गट्टी. देशी आधी माणूस जोखतं. बेल वाजली की भुंकतं, अनोळखी हात थेट डोक्यावर आला तर मागे सरतं. म्हणून साधारण चौदा आठवडे वयापर्यंत त्याला लिफ्ट, कुकरची शिट्टी, दुरून येणारे गणपतीचे ढोल, नवी माणसं यांची सवय लावायची. हे वय हातचं गेलं की मेहनत दुप्पट होते. त्याने एकदा विश्वास टाकला की मात्र तो अढळ असतो, हे मी अनुभवाने सांगते.

निगेत फरक मोठा. लॅबची दुहेरी फर आपल्या दमट हवेत त्रास देते. केस गळतात, लोंबते कान ओले राहिले तर चिघळतात. खादाडपणा तर रक्तातच, अनेक लॅब्राडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल सापडला आहे. पोळीचा तुकडासुद्धा मोजूनच द्या. देशीची आखूड फर आठवड्यातून एकदा विंचरली की पुरे.

रेबीजची लस, गोचिडांचं औषध, महापालिकेचा परवाना दोघांनाही. पावसाळ्याआधी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस विसरू नका. उंदरांच्या मुतातून हा रोग साचलेल्या पाण्यात पसरतो.

दिवसभर घर रिकामं असेल तर दोन्ही पिल्लं नकोत, मोठं कुत्रं दत्तक घ्या. नाहीतर माझा कौल देशीला.