जुन्या झीला फ्लेअर: फायबर घ्यावं की युरेथेन?

डॅटसनची 240, 260 किंवा 280झी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस आज ना उद्या चाकांपाशी अडतोच. मूळची 14 इंची चाकं कमानीत इतकी आत बसतात की मागून पाहिलं तर गाडीचं अंग भरदार आणि पाय काडीसारखे दिसतात. माझी 1977 ची 280झी कॅलिफोर्नियातल्या कडक उन्हाच्या सॅक्रामेंटोला असते. रुंद चाक झाकायला कमानीवर बाहेरून जी रुंद कड बसवतात ती म्हणजे फ्लेअर. तिला मी आधी युरेथेनचे, म्हणजे लवचीक प्लास्टिकचे फ्लेअर लावले, दीड वर्षाने काढले आणि फायबरचे, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे बसवले. दोन्ही माझ्या हाताखालून गेले आहेत, म्हणून हे लिहितोय. मोजमापं काढून केलेली ही चाचणी नाही, एका गाडीचा अनुभव आहे. तुमची गाडी थंड हवेच्या गावात राहत असेल तर कदाचित तुमचा कौल उलटाही लागेल.

आधी एक विचार करा: फ्लेअर खरंच हवेत का? 15 इंच व्यासाची, 7 इंच रुंद रिम, शून्य ऑफसेट (रिम हबला जिथे टेकते ती जागा रुंदीच्या बरोबर मध्यावर) आणि 205 मिमी रुंदीचा (205/60) टायर या गाडीला पत्र्याला हात न लावता बसतो. मडगार्डची आतली कड नीट मोडून घेतली तर आणखी थोडी जागा मिळते. तेवढ्यावर भागत असेल तर मनापासून सांगतो, पत्रा कापू नका. पन्नास वर्षं टिकलेला मागचा पत्रा एकदा कापला की परत येत नाही. मला वजा ऑफसेटची, म्हणजे आणखी बाहेर येणारी, 8 इंच रुंद रिम हवी होती, म्हणून मी पुढे गेलो.

बोल्टने लावलेले फ्लेअर म्हणजे या गाडीवर बाहेरून आणलेला साज, असं काही जुने शौकीन मानतात. मला ते पटत नाही. निस्साननेच 1971 मध्ये जपानात 240ZG काढली, ती लांब नाक आणि वरून बसवलेले फ्लेअर घेऊनच. साध्या गाडीची रुंदी 1630 मिमी, झीजीची 1690. म्हणजे कारखान्यानेच दर बाजूला 30 मिमी वाढवले होते. आज मिळणारे बहुतेक संच त्याहून रुंद असतात, पण आकार त्याच घराण्यातला.

तिसरा मार्ग म्हणजे पत्रा ठोकून गाडीला वेल्ड केलेले फ्लेअर, त्याबद्दल थोडक्यातच सांगतो. माझं लहानपण कोल्हापुरात उद्यमनगरच्या जवळ गेलं. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून त्याला गोलाई आणणारे मिस्त्री मी तासन्‌तास पाहिले आहेत, आणि मनातून मला आजही तेच काम सगळ्यांत सुंदर वाटतं. पण इथे चारही कमानींसाठी मला साडेचार हजार डॉलर सांगितले, रंग वेगळा. शिवाय मागच्या मोठ्या सपाट पत्र्यावर वेल्डिंगची उष्णता सांभाळणारा हात हवा, नाहीतर लाटा उठतात आणि त्या पुटी भरून लपवाव्या लागतात. बजेट आखून निघालेल्या माणसासाठी हा रस्ता इथेच संपतो.

उरले दोन. फायबरचा चार नगांचा संच मला सुमारे तीनशे डॉलरला पडला, युरेथेनचा साडेचारशेला. पण नुसत्या किमतीवर ठरवू नका, कारण खरा घाम मागच्या कमानी कापताना निघतो आणि तो दोन्हीकडे सारखाच. पुढचे मडगार्ड एकेरी पत्र्याचे असतात, बोल्ट काढले की हातात येतात. मागे मात्र बाहेरचा पत्रा आणि आतला चाकाचा डबा कडेला स्पॉट वेल्डने जोडलेले असतात. ती कड कापली की दोन्ही पत्रे सुटे होतात आणि मधल्या फटीतून पाणी थेट आत जातं. म्हणून बाहेरचा पत्रा कापायचा, आतला बोटभर जास्त ठेवायचा, त्याला चिरा देऊन पट्ट्या करायच्या, त्या वर वळवून बाहेरच्या पत्र्याला वेल्ड करायच्या आणि वरून सीम सीलर (सांधा बुजवणारी लुगदी) भरायचं. फ्लेअर झाकणारच आहे म्हणून हे काम उरकून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. तीन-चार पावसाळ्यांत त्यांची कमान हाताने तुटते.

आता युरेथेन. माझ्या मित्राने ते सुचवलं आणि त्याची कारणं खरी होती. ते तुटत नाही. फुटपाथला घासलं तरी वाकतं आणि परत जागेवर येतं. कड एकसारखी असते, डावी-उजवी बाजू जुळते, खोक्यातून काढून गाडीवर धरलं तर फायबरपेक्षा दसपट बरं बसतं. संचातली एक बाजू खोक्यात दबून वाकडी झाली होती, ती हॉट एअर गनने गरम करून अर्ध्या तासात सरळ केली. रंगाला मात्र चिकटण्यासाठी वेगळा प्रायमर लागतो आणि रंगात लवचीकपणाचं मिश्रण घालावं लागतं, तो खर्च धरून चाला. मार्चमध्ये गाडी तयार झाली. तो महिनाभर मी फार समाधानात होतो.

जूनमध्ये एका शनिवारी दुपारी गाडी उन्हात उभी होती. जवळ गेलो तर मागच्या उजव्या फ्लेअरची कड प्रत्येक दोन बोल्टांच्या मध्ये पुरीसारखी फुगलेली. फ्लेअर आणि पत्रा यांच्या मधली रबरी पट्टी (पायपिंग) बाहेर डोकावत होती आणि फटीत करंगळीचं नख जात होतं. मला वाटलं बोल्ट ढिले झाले. आवळले. संध्याकाळी सगळं सपाट. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच, उलट थोडं जास्तच.

कारण साधं आहे. लोखंडी पत्रा एक मीटर लांबीमागे दर अंशाला मिलिमीटरचा सुमारे ऐंशीवा भाग वाढतो. युरेथेन त्याच्या दसपट किंवा त्याहूनही जास्त. सकाळचे 15 अंश आणि भर उन्हात गडद रंगाचे 60 अंश धरा. मीटरभर पत्रा अर्धा मिलिमीटर वाढला तर फ्लेअर पाच मिलिमीटर वाढू पाहतो. बोल्ट त्याला लांब होऊ देत नाहीत, मग तो बाहेर फुगतो. आणि हा फुगवटा फसवा असतो. दोन बोल्टांमधल्या सव्वाशे मिमीत लांबी अर्धा मिमी वाढली तरी मध्यभागी चार-पाच मिमीचा फुगा येतो.

मी उपाय केले. भोकं लांबट केली, म्हणजे बोल्टला सरकायला जागा. वॉशर बदलले, बोल्ट हलकेच आवळले. मधल्या जागी आणखी बोल्ट घातले. फरक पडला, निम्म्याहून जास्त पडला. पण जो फुगवटा उरला तो रोज दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या नजरेसमोर असायचा. फटीत बारीक खडी अडकायची, संध्याकाळी कड परत बसताना ती रंगात रुतायची, आणि त्या कडेखालच्या पत्र्यावर चरे पडायचे. दिसण्याचं दुःख एकवेळ सोसलं असतं. उघडा पडलेला पत्रा बघवला नाही. कदाचित माझ्याच बसवण्यात सुरुवातीला चूक झाली असेल, पहिल्या दिवसापासून लांबट भोकं असती तर हे इतकं वाढलं नसतं. तरीही सॅक्रामेंटोच्या उन्हात मी ते पुन्हा लावणार नाही.

फायबरचं वाढणं पत्र्याच्या दुपटीच्या आसपास, म्हणजे त्या मानाने काहीच नाही. त्याची तक्रार आधी होते, नंतर नाही. माझ्या संचात मागचे दोन फ्लेअर एकमेकांचे जुळे नव्हते, डाव्याची कड पत्र्यापासून सहा मिमी दूर. जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरच्या वरच्या गुळगुळीत थरात, टाचणीच्या टोकाएवढी भोकं. पण फायबरला पॉलिस्टर रेझिन धरतं, युरेथेनला धरत नाही, आणि इथेच मला ते आवडू लागलं. गाडीच्या पत्र्यावर टेप लावली, टेपवर मेण चोळलं, फ्लेअरच्या कडेमागे रेझिनमध्ये भिजवलेली मॅट (काचतंतूंची चटई) ठेवून तो जागेवर आवळला. रात्रभराने काढला तेव्हा कडेने माझ्याच गाडीची गोलाई घेतली होती. मग घासकाम. चार फ्लेअरना माझे तीन शनिवार-रविवार गेले. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेची धूळ अंगाला दोन दिवस खाजते.

फायबर ठिसूळ आहे हे खरं. बोल्ट करकचून आवळला तर भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात. रुंद वॉशर लावा, खाली रबराची चकती द्या, आणि पान्ह्याला हाताने जेवढं सहज बसेल तेवढंच फिरवा. पत्र्यात नटसर्ट (भोकात पक्के बसणारे आट्यांचे नट) बसवले असतील तर फ्लेअर वीस मिनिटांत निघतो. मी वर्षातून एकदा, पावसाळी महिने संपले की, मागचे दोन्ही काढून आतली सीलर केलेली कड पाहतो.

गाडी रोज ट्रॅकवर किंवा खडीच्या रस्त्यावर जाणार असेल, हवा थंड असेल आणि घासकामाला वेळ नसेल, तर युरेथेन घ्या, पण भोकं पहिल्याच दिवशी लांबट करा. बाकी कुणी मला विचारलं तर मी आधी विचारतो, गाडी दुपारी कुठे उभी असते. उघड्यावर असं उत्तर आलं की फायबरच सांगतो.

भोकं पाडण्याआधी एक करा: स्प्रिंग काढून चाक पूर्ण वर उचला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा आणि मगच फ्लेअरची जागा खुणेने पक्की करा. मी पुढच्या डाव्या बाजूला हे घाईत केलं. तिथे टायर पूर्ण वळणावर कडेला हलकासा लागतो, आणि चार वर्षांत फायबरला पडलेला एकमेव तडा तिथेच आहे. रेझिन आणि मॅटचा तुकडा आणून ठेवलाय, या रविवारी भरतोय.