भोसरीत बनवून घेतलेली किनाऱ्यावरची फोटो-चौकट: काही हंगाम वापरल्यानंतरचा अभिप्राय

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. ५० बाय ७५ सेंटीमीटरची स्टेनलेस स्टीलची घडीची चौकट, तिच्यावर बसणारा चार पायांचा कॅमेरा-स्टँड आणि खडकात कायमचे बसवायचे बोल्ट. समुद्रकिनाऱ्यावरच्या खडकाचा एक ठरलेला तुकडा दरवर्षी तसाच्या तसा फोटोत यावा, एवढंच तिचं काम. तयार कुठे मिळत नाही. आम्ही भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून करून घेतली. बोल्ट, पिशवी सगळं धरून खर्च अठरा हजारांच्या आत आला.

आम्ही म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम, त्यांचे विद्यार्थी आणि मी. मी चिंचवडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी करून निवृत्त झालो. गुहागर तालुक्यातल्या एका खडकाळ किनाऱ्यावर आम्ही दर हिवाळ्यात जातो आणि ठरलेल्या चौकोनांत किती कालवं, किती बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव), किती शेवाळ आहे याची नोंद ठेवतो. हा किनारा मुद्दाम निवडला. जवळ अंजनवेलला एलएनजीची जेट्टी आहे, द्रवरूप गॅस घेऊन मोठी जहाजं तिथे लागतात. उत्तरेला भर समुद्रात मुंबई हाय, जिथे १९७४ साली तेल सापडलं. तिथून उरणला येणारी पाइपलाइन मे १९९३ मध्ये फुटली होती. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजा-३ ही जहाजं धडकली आणि तेल किनाऱ्याला लागलं. अशा वेळी सगळे धावत किनाऱ्यावर जातात, फोटो काढतात, नमुने घेतात. पण पहिलाच प्रश्न अडतो: आधी इथे काय होतं? त्याचं उत्तर तेल सांडल्यावर गोळा करता येत नाही.

कारखान्यात नवं गेज, म्हणजे मोजमापाचं साधन, आलं की आम्ही त्याची एक परीक्षा घ्यायचो. एकाच माणसाने एकच पार्ट पुन्हा पुन्हा मोजला तर आकडा तोच येतो का? दोन वेगळ्या माणसांनी मोजला तर? हे कळल्याशिवाय पार्ट बदलला की मोजणारा बदलला, ते सांगता येत नाही. किनाऱ्यावर नेमकं हेच आहे. फोटोवर शंभर बिंदूंची जाळी टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते मोजतात. चौकट आडवी पाच सेंटीमीटर सरकली, तर फोटोतला पंधरावा हिस्सा खडक नवा आला. त्यात कालवांचा एक झुपका आत आला किंवा बाहेर गेला, की वहीत कालवं ‘वाढली’ किंवा ‘घटली’. म्हणून या साधनाला मी एकाच कसोटीवर तोलतो: तीच जागा, तसाच फोटो, पुन्हा मिळतो का?

त्या कसोटीवर सगळ्यात महत्त्वाचा भाग ठरतो तो सगळ्यात स्वस्त, म्हणजे बोल्ट. त्यांच्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण विकत घेणाऱ्यांची फसगत इथेच होते.

पहिली खेप आम्ही शहरातल्या एका हार्डवेअरच्या दुकानातून घेतली होती, ‘३१६ ग्रेड’ असं बिलावर लिहून. पुढच्या हंगामात बोल्टांवर तपकिरी डाग आणि बारीक खड्डे दिसले, दोन डोकी तर हाताने हलत होती. एक बोल्ट काढून भोसरीतल्या लॅबमध्ये तपासला, तर त्यात मॉलिब्डेनम नव्हतंच. ३१६ स्टीलमध्ये ते २ ते ३ टक्के असतं आणि खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडने जे टोचे पडतात ते त्यामुळे बऱ्याच अंशी रोखले जातात. ३०४ मध्ये ते नसतं. दिसायला दोन्ही सारखेच. काउंटरवर चुंबक लावून दाखवतात त्याने काहीही सिद्ध होत नाही, कारण दोन्ही ग्रेडना चुंबक जवळपास धरतच नाही. बोल्ट गेला की जागा गेली. त्या दोन चौकोनांची मालिका तिथे तुटली, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

वर्कशॉपवाल्या दादांनी पुढची खेप दिली ती टेस्ट सर्टिफिकेटसह, हीट नंबर (स्टील कुठल्या घाणातलं ते सांगणारा नंबर) टाकून. मी न मागता दिली. तिला अजून गंजाचा ठिपका नाही. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पंचने नंबर मारून दिला. आणि माझ्या सांगण्यावरून चारपैकी एका कोपऱ्याच्या बोल्टला खाच पाडली. चौकटीच्या त्याच कोपऱ्याला तशी जीभ आहे, त्यामुळे चौकट उलटी बसूच शकत नाही. पुण्यातल्या कुठल्याही शॉप फ्लोअरवर याला पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, म्हणतात. ओहोटीच्या घाईत, अर्धवट उजेडात, नवख्या मुलाच्या हातूनही ती बरोबरच बसते.

बोल्टची उंची मात्र आम्हाला गावाने शिकवली. खडकात काही ठोकण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन काय करतोय ते सांगितलं होतं, तरी रोज तिथे वावरणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असतं. कोयती घेऊन कालवं काढायला येणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, “काका, तुमचा खिळा पायाला लागतो. आणि इथली कालवं काढायची की नाय, ते तरी सांगा.” दादांनी सगळ्या बोल्टांना गोल डोम नट करून दिले, आता डोकं खडकापासून जेमतेम दोन सेंटीमीटर वर राहतं. मावशींनीही आपणहून ठरवलं की नंबरवाल्या बोल्टांच्या आतली कालवं सोडायची. असे शेजारी नसतील तर कितीही चांगलं स्टील आणा, उपयोग नाही.

बसवताना एकच काळजी: बेसॉल्टमध्ये हॅमर ड्रिलने भोक पाडल्यावर धूळ पूर्ण फुंकून काढा आणि ओल्यात धरणारी इपॉक्सी पुट्टीच वापरा. भोक ओहोटी लागल्या लागल्या पाडायला घ्यावं, म्हणजे पाणी परत येईपर्यंत पुट्टीला वेळ मिळतो.

आता ५० बाय ७५ हे माप. ते आम्ही मनाने ठरवलेलं नाही. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ २८ जानेवारी १९६९ रोजी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मखालच्या विहिरीतून तेल उसळलं. पुढे त्या किनाऱ्यावर मरीन नावाचं अनेक संस्थांचं जाळं उभं राहिलं. खडकांवरच्या कायम चौकोनांचे फोटो ते वर्षानुवर्षं काढतात. त्यांचे फोटोचे चौकोन याच मापाचे, बोल्टने खुणा केलेले. शिंपले, बार्नेकल, समुद्री शेवाळ असे मोजके जीव निवडून त्यांचाच माग ठेवायचा, ही त्यांची पद्धत. तिथली गंमत अशी की सांता बार्बराच्या समुद्रतळातून तेल आपोआपही झिरपतं. म्हणजे खडकावर डांबर दिसलं म्हणून ते प्लॅटफॉर्मचंच, असं तिथे म्हणता येत नाही. आपल्याकडेही पावसाळ्याच्या तोंडावर डांबराचे गोळे वाळूत येऊन पडतात. ते कोणाचे, हा वाद दरवर्षी होतो. निदान खडकावर त्यांचा परिणाम किती झाला, हे तरी जुन्या फोटोंशी ताडून बघता यावं.

माझ्या मनात जास्त घर केलंय ते स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांनी. तिथे सलम व्हो नावाचं तेलाचं टर्मिनल आहे, नॉर्थ सीमधलं तेल पाइपलाइनने तिथे येतं. पहिलं तेल आलं १९७८ च्या नोव्हेंबरात, पण खडकाळ किनाऱ्याची पाहणी सुरू झाली १९७६ पासून. तेल येण्याआधी! लगेच, ३० डिसेंबर १९७८ ला, एसो बर्निशिया हे जहाज जेट्टीवर आदळलं आणि हजार टनांहून जास्त इंधन तेल सांडलं. पण ‘आधीचा’ आकडा त्यांच्या हातात होता. आणि पुढे त्या नोंदींनी असं काही पकडलं जे शोधायला कोणी निघालंच नव्हतं. तिथल्या डॉगव्हेल्क नावाच्या शिकारी शंखांच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले होते. कारण तेल नव्हे, तर जहाजांच्या बुडाला लावायचा, टीबीटी हे विष असलेला रंग, ज्याने बुडावर बार्नेकल धरत नाहीत. या रंगावर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार २००१ मध्ये झाला, २००८ मध्ये लागू झाला. शंख सावरले, आणि सावरल्याचा पुरावाही त्याच वार्षिक नोंदींत आहे. आमच्या जेट्टीला लागणाऱ्या जहाजांकडे पाहिलं की मला हे आठवतं. नुकसान कुठल्या वाटेने येईल ते आधी ठाऊक नसतं, म्हणून सगळंच सारख्या शिस्तीने नोंदत राहायचं.

आणि वर्षानुवर्षं का? १९६७ मध्ये टॉरी कॅन्यन हे जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ फुटलं तेव्हा तेल घालवायला डिटर्जंट फवारले. त्यांनी तेलापेक्षाही जास्त जीव मारले. शेवाळ खरवडून खाणारे लिंपेट नावाचे शंख मेले तसे खडक हिरवे झाले, मग शेवाळाचं रान माजलं, मग लिंपेट बेसुमार वाढले, असं हेलकावत काही किनाऱ्यांना पूर्वपदावर यायला दहा ते पंधरा वर्षं लागली. दुसऱ्या वर्षी हिरवागार खडक पाहून कोणीही म्हणालं असतं, वा, सावरला! दोन-तीन वर्षांच्या प्रोजेक्टवर निकाल काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं.

परत चौकटीकडे. ही मला मनापासून आवडली आहे. ३१६एलची (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार) पाइप, टिग वेल्डिंग, आणि वेल्डच्या जागा पिकलिंग करून, म्हणजे आम्लाने साफ करून, दिलेल्या. वेल्डचा निळसर-तपकिरी पट्टा तसाच ठेवला तर गंज तिथूनच सुरू होतो. पाइपला खालून बारीक भोकं आहेत, म्हणजे खारं पाणी आत अडकून राहत नाही. घडीच्या सांध्याला डॉवेल पिन, म्हणजे जोड नेमका बसवणाऱ्या खुंट्या, आहेत. दादांची पहिली फिट इतकी घट्ट होती की वाळूचा एक कण गेला की पिन निघेना. मशिनच्या जिगला ते शोभतं, पुळणीवर नाही. सांगितल्यावर त्यांनी पिनला थोडा टेपर दिला. आता चिखल लागलेली पिनसुद्धा हाताने निघते आणि चौकट तरीही काटकोनात उभी राहते. मी दर हंगामाआधी दोन्ही कर्ण मोजतो. हिशेबाने ९०१.४ मिलिमीटर यायला हवेत. आजवर दोन्ही कर्णांतला फरक एक मिलिमीटरच्या वर गेलेला नाही. स्वारगेटहून एसटीने, कुंभार्ली घाटातून, सामानाच्या डिकीत आदळत जाणाऱ्या वस्तूसाठी हे उत्तम आहे.

कॅमेरा-स्टँड मात्र जसा देतात तसा घेऊ नका. पाय ॲल्युमिनियमचे आणि स्क्रू स्टेनलेसचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजतं. एका हंगामात सॉकेटमध्ये पांढरी पूड धरली आणि एक पाय जाम झाला. दादांनी कुरकुर न करता फक्त मालाचे पैसे घेऊन पाय स्टीलचे करून दिले, पण वजन वाढलं. तुम्ही सुरुवातीपासूनच स्टीलचे पाय मागा. दुसरी अडचण सावलीची. आमच्या बाजूला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी पहाटे आणि संध्याकाळच्या सुमारास पूर्ण लागते. सूर्य तेव्हा खाली असतो आणि स्टँडच्या पायांच्या लांब सावल्या नेमक्या चौकटीवर पडतात. सावलीतला बार्नेकल आणि उघडा खडक फोटोत वेगळा ओळखता येत नाही. स्टँडला छत्री अडकवायची क्लिप हवी, जी दिलेली नाही. एक मुलगा मोठी काळी छत्री धरतो आणि आम्ही फ्लॅश वापरतो. त्याने फोटो एकसारखे येतात, पण माणूस एक जास्त लागतो.

पिशवीची चेन मिठाने धरली. वेल्क्रो लावून घ्या.

सेवेबद्दल: दादा ड्रॉइंग वाचतात, हेच मोठं. कॉलेजच्या मुलींनी हाताने काढलेलं स्केच घेऊन गेलो तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “हे किती वर्षं टिकायला पाहिजे?” मॅडम म्हणाल्या, “वीस.” त्यावर त्यांनी पाइपची जाडी स्वतः वाढवली आणि भाव का वाढला ते कागदावर लिहून दिलं. छोट्या, एकाच नगाच्या ऑर्डरला भोसरीत इतकं लक्ष कोणी देत नाही. वेळ मात्र पाळत नाहीत. आठवड्याचे तीन आठवडे झाले.

ज्यांना एकदाच किनारा फिरून जीव ओळखायचे आहेत त्यांनी हा खर्च करू नये, पीव्हीसी पाइपची चौकट दोनशे रुपयांत घरी होते. पण दहा वर्षांनी परत त्याच दगडापाशी उभं राहायचा इरादा असेल, मग तो दगड गुहागरचा असो, रत्नागिरीचा असो की अलिबागचा, तर बोल्ट आणि चौकट हीच घ्या. ड्रॉइंग एक जास्तीचं काढून ठेवा आणि बोल्टांचे नंबर, हीट नंबर आणि बसवल्याची तारीख वहीत लिहा, पुढचा माणूस तुम्हीच असाल असं नाही. ऑर्डर ऑगस्टमध्येच द्या. दिवाळीला वर्कशॉप बंद असतं, कामगार गावी जातात आणि नोव्हेंबरची पहिली मोठी ओहोटी तुमच्या चौकटीसाठी थांबत नाही.